चेटकिणी, स्वयंपाकघर आणि प्रेमकथा: हे पुण्यात जमेल का?

फोडणीवाली

इंग्रजीत हल्ली एक प्रकार जोरात आहे. पावसाळी गाव, जुनं घर, घरात तीन पिढ्यांच्या बायका आणि सगळ्या चेटकिणी. खालच्या मजल्यावर बेकरी नाहीतर चहाचं दुकान. शहरात प्रेमात आणि नोकरीत मार खाल्लेली नात परत येते, आजीची पाककृतींची वही उघडते, आणि तिच्या हातचा केक खाऊन गावकऱ्यांची दुखणी हलकी व्हायला लागतात. एक कमी बोलणारा पुरुष असतो, बहुतेक सुतार किंवा पुस्तकांचा दुकानदार. दुष्ट माणूस असलाच तर नगरपालिकेतला. जग वगैरे काही बुडत नाही. आत्याशी धरलेला अबोला सुटतो की नाही, एवढाच काय तो पेच. शेवटी लग्न, आणि पुस्तकाच्या मागे दालचिनीच्या रोलची कृती.

नाकं मुरडणारे मुरडोत, मला हे फार आवडतं. आणि असं मराठीत लिहायचं आहे. तीन प्रकरणं झालीत.

कादंबरी कसबा पेठेत. पडायला आलेला पण अजून न पडलेला वाडा, दाराला बिल्डरची नोटीस. रेवती तिशीची, हिंजवडीतली नोकरी सोडलेली. तिची आई, जिला यातलं काहीच मान्य नाही. माईआत्या, जिला सगळं येतं पण ती सांगत नाही. आणि पणजी, जी वारली आहे पण फडताळातून सूचना देते. नायक तांबट आळीतला, घंगाळं आणि बंब घडवणाऱ्या घरातला, शिवाय भांड्यांना कल्हई करतो.

सामान भरपूर आहे. मंडईची अष्टकोनी इमारत आणि आता तिच्या पोटाखालून जाणारी मेट्रो, बोहरी आळीतल्या बरण्या, एप्रिलमध्ये मसाला कांडपाबाहेरची रांग आणि गल्लीभर शिंका. तरी नायिका मात्र नऊवारी नेसवलेल्या इंग्रज बाईसारखी वावरते. तिने शेवयांच्या खिरीत काहीतरी घालून शेजारच्या काकांचा शोक घालवला, तर वाचताना मलाच पटेना. जादूला नियम हवेत आणि ते आपल्या स्वयंपाकघरातून यायला हवेत. तर मंडळी, सुचवा. तुमच्या घरी कुठे होती जादू? आणि मुळात चेटकीण आपल्या वाचकाला मायेची वाटू शकते का?

दुपारची_झोप

नायिकेची जादू एक ते चार बंद ठेवा. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

पेठेतली_मावशी

हा विनोद पेन्शनीत निघालाय रे.

तळटीप

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना याच शहरात, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घातल्या. तुमच्या कसब्यातून तो पूल चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखाद्या व्यक्तीला चेटूक करणारी ठरवून तिचं जगणं मुश्कील करणं हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. असा कायदा करावा लागला, कारण असं करणारी माणसं होती आणि आहेत.

तिकडे सेलममध्ये फाशी दिली ती १६९२ साली. सव्वातीनशे वर्षांत जखम भरून तिथे आता पर्यटन चालतं. त्यांना टोकदार टोपी घालून केक भाजणारी चेटकीण परवडते. आपल्याकडे अजून पोलीस ठाण्यात नोंदी होतात. अशा वेळी गोग्गोड चेटकीण रंगवणं मला तरी बेजबाबदार वाटतं.

कुंडीतला_गवतीचहा

तळटीप, कादंबरी वाचून कोणी करणी करायला जाणार आहे का? परीकथा वाचून कोणी बेडकाचा मुका घेतलेला ऐकला नाही.

सातपुडा

मी नंदुरबारकडचा, आता वारज्यात. आमच्या डोंगरात अजून बाईला डाकीण ठरवतात. ठरवतो भगत. गावात मूल दगावलं, गुरं पटापट मेली, कोणाचा ताप उतरेना, की बोट दाखवलं जातं. आणि बोट फार वेळा अशाच बाईकडे जातं जी विधवा आहे, एकटी आहे, जिच्या नावावर जमिनीचा तुकडा आहे. जमीन हे कारण कोणी मोठ्याने बोलत नाही.

एक गोष्ट तुमच्या कामाची आहे म्हणून लिहितो. अशा बाईच्या हातचं कोणी खात नाही. लग्नाच्या पंगतीत ती पोळ्या लाटायला बसली तर बाकीच्या उठतात. लहान पोराला तिने गुळाचा खडा दिला तर आई तो पोराच्या तोंडातून काढून फेकते. तुमच्या पुस्तकांत जिच्या हातचं खायला लोक रांग लावतात आणि आमच्याकडे जिच्या हातचं खायला घाबरतात, ती एकच बाई आहे. लिहू नका असं मी म्हणत नाही. उलट हे डोक्यात ठेवून लिहिलंत तर मी पहिला वाचेन.

फोडणीवाली

सातपुडा, तुमचा प्रतिसाद वाचून लॅपटॉप बंद करून बसले होते. बिल्डर बाजूला ठेवते. तुम्ही लिहिलेली गुळाच्या खड्याची गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

पेठेतली_मावशी

आमच्या घरी जादू होती की. फक्त तिला कोणी जादू म्हणायचं नाही. दृष्ट काढायची तर मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या मुठीत घेऊन ओवाळायच्या आणि निखाऱ्यावर टाकायच्या. ठसका लागला नाही की 'बघ, केवढी लागली होती'. सासरे पक्के नास्तिक, पण तेवढा वेळ तेही चष्मा काढून गप बसायचे.

आणि अनारसे घे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, फडक्यावर सावलीत टाकायचे, ओलसर असतानाच कुटायचे, गूळ घालून गोळा डब्यात मुरवत ठेवायचा. मग खसखशीवर थापून, खसखस वर राहील असा तुपात सोडायचा. उलटायचा नाही, झाऱ्याने नुसतं वर तूप उडवायचं. इथवर सगळं तुझ्या हातात. पुढे नाही. तुपात गेल्या गेल्या जाळी पडायला लागते, छान सोनेरी कड येते, आणि एखाद्या दिवशी ती जाळी थांबतच नाही. भोकं मोठी मोठी होत जातात, कड सुटते, आणि बघता बघता कढईत अनारसा नाहीच, नुसता कोंडा तरंगतोय. याला अनारसा हसला म्हणतात. सासूबाई लगेच दाराकडे बघायच्या, आत्ता कोण येऊन गेलं म्हणून! खरं तर गूळ जास्त झालेला असायचा. पण दाराकडे बघायच्या हे खरं. तुझ्या माईआत्याला असं दाराकडे बघायला लाव.

वजाबाकी

मावशींच्या पोस्टला माझ्यातर्फे थोडं रसायनशास्त्र. गंमत घालवायला नाही, उलट जादूचे नियम हवेत म्हणून.

मोहरीचा अख्खा दाणा हुंगा, नाकाला काही होत नाही. तीच मोहरी पाण्यात फेसा, डोळ्यांतून पाणी. दाण्यात तिखटपणाचा कच्चा माल एका कप्प्यात आणि तो मोकळा करणारा विकर (एन्झाइम) दुसऱ्या कप्प्यात असतो, दाणा फुटून पाणी मिळालं की दोघं भेटतात. कढत तेलात टाकली तर विकर आधीच मरतो, म्हणून फोडणीतली मोहरी खमंग लागते, झणझणत नाही. म्हणजे एकाच दाण्यातून दोन वेगळ्या गोष्टी निघतात, आधी आग दाखवली की आधी पाणी, एवढ्यावर ठरतं. कादंबरीला याहून चांगला नियम कुठे मिळणार?

दुसरं, हळद आणि चुना. पिवळी हळद, पांढरा चुना, कालवले की लालभडक. कुंकू असंच करायचे. वर लिंबू पिळा, परत पिवळं. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, तेच हे. तुमच्या रेवतीला लग्नाच्या हळदीत हे करू द्या आणि बघा पाहुण्यांची तोंडं.

लोणच्याची_बरणी

सगळं वाचतेय आणि एक गोष्ट कोणीच काढत नाहीये, म्हणून मी काढते. ज्या स्वयंपाकघराचं एवढं कौतुक चाललंय, त्यात महिन्यातले चार दिवस मला पाऊल टाकता यायचं नाही. कावळा शिवला की बाहेरच्या खोलीत चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. लोणच्याच्या बरणीला हात लावला तर लोणचं नासतं हे मला इतक्या वेळा सांगितलं गेलं की पुढे स्वतःच्या घरात पहिल्यांदा बरणीत चमचा घालताना हात थरथरला होता. लोणचं नासलं नाही, अर्थातच.

शिवाय सोवळं. कामाला येणाऱ्या बाईंनी घासलेल्या भांड्यांवर पाणी शिंपडून मग ती आत. त्या बाईंना आत मज्जाव. आणि 'आजीची वही' म्हणता? माझ्या आजीला लिहिता येत नव्हतं. ती चुलीसमोर बसून धुराने डोळे चोळायची. चुलीची ऊब इतरांना लागायची, हिला धूर. त्यामुळे स्वयंपाकघराला उबदार म्हणताना आधी सांगा, कोणासाठी उबदार?

(राग तुमच्यावर नाही, फोडणीवाली. विषयच असा आहे.)

तळटीप

लोणच्याची_बरणी यांना पूर्ण अनुमोदन. हे असताना जादू हवीच कशाला, वास्तववादी कादंबरी लिहा.

कुंडीतला_गवतीचहा

वास्तववादी कादंबऱ्या आप्पा बळवंत चौकात ढिगाने मिळतात. बाईने चूल फुंकत रडायचं आणि आपण हळहळायचं. एकदा तरी तिला मजा करू द्या की!

काळामसाला

मी पडलो मराठवाड्याचा, पुण्यात शिकायला आलो आणि मेसचं गोड वरण खाऊन रडलो. माझी तक्रार वेगळी आहे. 'आपलं स्वयंपाकघर' म्हणताना सगळे पेठेतलंच धरून चाललेत. गोडा मसाला, अनारसे, सोवळं. आमच्या भागात काळा मसाला, येसर, शेंगदाण्याचं कूट, बाजरी.

आणि चेटकिणी हव्यात ना, मग गौरी बघा. भाद्रपदात दोन बायका घरात येतात. दारापासून पावलं काढलेली असतात, त्यांवरून त्यांना घेऊन घरभर फिरायचं, प्रत्येक खोलीशी विचारायचं इथे काय आहे, आणि उत्तर द्यायचं धान्य आहे, दूधदुभतं आहे. पहिल्या दिवशी यायचं, दुसऱ्या दिवशी जेवायचं, तिसऱ्या दिवशी जायचं. पुरणपोळी, सोळा भाज्या. आणि काही घरांत गौरींना मटणाचा, माशांचा नैवेद्य असतो, त्या तिखटाच्या गौरी. माहेरपणाला आलेल्या बाईला जे आवडतं ते करायचं, साधा हिशोब. एका वाड्यात पुरणाची आणि शेजारच्या घरात तिखटाची गौर बसली तर त्या दोघी रात्री काय बोलतील? मला हे प्रकरण वाचायचंय.

पेठेतली_मावशी

अगं बाई, हे तर फारच छान. आमची नक्की शेजारणीच्या ताटात डोकावेल.

खापरावरचा_मांडा

खानदेशातून हजेरी. पुरणाचा मांडा करताना आमच्या मोठ्या काकूला बघितलंय. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर घेऊन ती मनगटं फिरवत, कोपरापर्यंत खेळवत वाढवायची. पोळी हातभर रुंद होते, आरपार उजेड दिसतो, आणि मग ती उपड्या खापरावर पडते. फाटली तर फाटली, दुसरी संधी नाही. काकू त्या वेळी कोणाशी बोलायची नाही आणि आम्हालाही बोलू द्यायची नाही. मंत्र वगैरे काही नव्हता. लक्ष ढळलं की फाटतो, एवढंच. रेवतीला एखादा पदार्थ असा द्या जो ती शेवटपर्यंत शिकू शकत नाही.

निळीशाई

प्रेमकथेबद्दल कोणीच बोलत नाही, आश्चर्य आहे. माझा मुद्दा थेट आहे: नायकाला काहीतरी खाऊ घालून प्रेमात पाडायचं असेल तर मी पुस्तक तिथेच मिटेन. 'वशीकरण स्पेशालिस्ट'ची चिकटपत्रकं एसटी स्टँडच्या मुतारीत असतात, तेवढं पुरे. ज्याने हो म्हटलेलं नाही त्याला काही खाऊ घालणं हे प्रेम नव्हे.

यावर एक उत्तम तोड १९८९ च्या मेक्सिकन कादंबरीत आहे, लॉरा एस्किव्हेलची 'लाइक वॉटर फॉर चॉकलेट'. बारा महिने, दर महिन्याला एक पाककृती. धाकट्या तिताने लग्न न करता आईला सांभाळायचं अशी घरची रीत, म्हणून तिचा प्रियकर थोरल्या बहिणीशी लग्न करतो. त्याच लग्नाचा केक तिताला करावा लागतो, पिठात तिचं रडू पडतं, आणि केक खाणारे सगळे पाहुणे रडायला लागतात. तिने हे ठरवून केलेलं नसतं! तिच्या आत जे आहे ते पदार्थात उतरतं, तिला आवडो न आवडो. म्हणजे जादूने इतरांवर ताबा मिळत नाही, उलट स्वतःचंच गुपित फुटतं. रेवती नायकाच्या प्रेमात आहे हे तिच्या आमटीवरून अख्ख्या पेठेला कळतं आणि तिला कळत नाही. ही झाली प्रेमकथा.

दुपारची_झोप

म्हणजे रेवतीने रागात केलेली पाटवडी खाल्ली की सोसायटीच्या मीटिंगमध्ये मारामारी. (आमच्याकडे पाटवडीशिवायही होते.)

नवसागर

कल्हई दिसली म्हणून लॉगिन केलं. घरचा धंदा होता, म्हणून दोन गोष्टी.

एक, तांबट भांडं घडवतो. कल्हई करणारा बहुतेक वेळा वेगळा. तांबट आळीतली मंडळी पेशवाईत कोकणातून आलेली, त्यांचं खरं कसब ठोक्यात. भांड्याच्या अंगावर हातोडीने ओळीत ठोके देत जातात, त्याला माठारकाम म्हणतात. त्याने पत्रा कणखर होतो आणि चमकतोही. कल्हईवाले गल्लोगल्ली फिरायचे, आमचे आजोबा भाता खांद्याला लावून नारायण पेठ ते खडकी करायचे. त्यात मुसलमान कारागीर पुष्कळ, आम्हीही त्यातलेच. तुमचा नायक दोन्ही करतो हे पेठेतल्या माणसाला खटकेल. एक काहीतरी ठरवा.

दोन, कल्हई नीट लिहा, कारण खरी जादू तीच. पितळी पातेलं निखाऱ्यावर तापवायचं, सांडशीने फिरवत. नीट तापलं की नवसागराची पूड टाकायची. पांढराशुभ्र धूर भसकन उठतो, नाकात जातो, तो वास एकदा आला की जन्मभर ओळखता येतो. त्या धुरात कथलाची कांडी पातेल्याला नुसती टेकवायची, ती पाण्यासारखी होते. मग कापसाच्या बोळ्याने एक झपाटा, तळापासून काठापर्यंत. पिवळं पातेलं आतून चांदीचं होतं. किती वेळ लागतो म्हणाल, तर शिंक येऊन जायला लागतो तेवढा. लहान पोरं जागची हलायची नाहीत. शेवटी पाण्यात बुडवलं की चर्र.

हे का करायचं, तर कल्हई उडालेल्या पितळेत ताक, आमटी, चिंच, काहीही आंबट ठेवलं की ते कळकतं. हिरवट होतं, पोटाला त्रास. म्हणजे कल्हईवाला आला नाही तर सुगरणीची सगळी विद्या भांड्यातच कळकते. आणि हा माणूस स्वयंपाकघराच्या आत कधी आला? नाही. भांडी बाहेर यायची, अंगणात. चहा मिळायचा तो वेगळ्या कपात, तो कप खिडकीत ठेवलेला असायचा. आजोबा यावर चिडायचे नाहीत, मी चिडतो.

लोणच्याची_बरणी

नवसागर, कप खिडकीत. आमची चटई बाहेरच्या खोलीत. फोडणीवाली, तुझी कादंबरी इथे आहे गं.

सातपुडा

आणि गुळाचा खडा.

तळटीप

बरं. आता मी लिहू नका म्हणणार नाही. पण मग ती गोग्गोड राहणार नाही.

कुंडीतला_गवतीचहा

का नाही राहणार? गोड शेवटाकडे जायला आधी काहीतरी नासलेलं असावंच लागतं.

उंबरठा

इतके दिवस नुसतं वाचत होते. जादूच्या नियमाचं एक सुचतंय.

विरजण. दही शून्यातून सहसा लागत नाही, कोणाच्या तरी घरून चमचाभर आणावं लागतं. आमच्या चाळीत कोणाचं दही बिघडलं की वाटी घेऊन शेजारी जायचं. आणि दिवेलागणीनंतर मागायला गेलं तर मिळायचं नाही, तिन्हीसांजेला दूध, दही, मीठ घराबाहेर देत नाहीत, लक्ष्मी जाते म्हणून. आता समजा, रेवतीच्या घरातल्या बायकांची जादू अशीच आहे. कोणालाही स्वतःपासून सुरू करता येत नाही, दुसऱ्या घरून आणावी लागते. पण पिढ्यान्‌पिढ्या या घराने ठरवलं की आपलं बाहेर द्यायचं नाही आणि बाहेरचं आत घ्यायचं नाही. सोवळं, विटाळ, जात, काय म्हणायचं ते म्हणा. म्हणून जादू आटत चालली आहे. बिल्डरचा यात काही दोष नाही.

वजाबाकी

उंबरठा, टाळ्या. आणि हे विज्ञानातही बसतं. एकच विरजण वर्षानुवर्षं फिरवत राहिलं तर त्यातल्या जिवाणूंवर जगणारे विषाणू माजू शकतात, मग दही नीट लागत नाही, आंबट पाणी सुटतं. मोठ्या डेअऱ्या म्हणूनच विरजणाचे वाण आलटून पालटून वापरतात. घराण्याचं शुद्ध दहीसुद्धा काही काळाने नासू शकतं.

पेठेतली_मावशी

हे आमच्या सासूबाईंना ऐकवायला हवं होतं. असो. दूध कोमट असावं, करंगळी बुडवून तीनपर्यंत मोजता आलं की झालं. थंडीत पातेल्याला टॉवेल गुंडाळ. हे रेवतीला माहीत असू दे, नाहीतर मी शंका काढीन.

फोडणीवाली

तिन्ही प्रकरणं बाजूला ठेवलीत, मागच्या कृतींच्या यादीसकट. पणजी राहिली, कारण तिच्याशिवाय मला करमत नाही. नायक आता कल्हईवाल्यांच्या घरातला, नवसागर यांची परवानगी गृहीत धरतेय. तांबट आळी त्याचं गिऱ्हाईक. शेजारी एक बाई येणार आहेत, सातपुड्यातून नातवाच्या शिक्षणासाठी पुण्यात आलेल्या, ज्यांच्या हातचं त्यांच्या गावात कोणी खात नाही. गौरी दोन्ही. निळीशाईंचा आमटीचा नियम घेतला. मांडा रेवतीला शेवटपर्यंत येणार नाही. काल रात्री सुरुवात लिहिली, तुकडा देते:

दिवा लावून झाला आणि कडी वाजली. दारात तो होता, हातात स्टीलची वाटी.

'विरजण मिळेल का? आईचं दही आज लागलंच नाही.'

आतून माईआत्या खाकरली. तिन्हीसांजेनंतर या घरातून दूध, दही, मीठ बाहेर जात नाही, हे आळीतल्या मांजरालाही ठाऊक होतं. आणि या घराच्या दारात तो तर दिवसाउजेडीसुद्धा वाटी घेऊन कधी आला नव्हता.

'उद्या सकाळी या,' रेवती म्हणाली.

'सकाळी येऊन काय करू? दूध आत्ता कोमट आहे.'

तिने फडताळ उघडलं. पणजी गप्प होती, म्हणजे ऐकत होती. गाडग्यातल्या दह्याला पुन्हा पाणी सुटलं होतं, वरच्या थराला चिरा गेल्या होत्या. आई रोज दूधवाल्याला बोल लावत होती. रेवतीने चमचा घातला तर तो तळापर्यंत गेला, दही कुठे लागलंच नाही.

'आत्या, आपल्याकडेच नीट नाहीये.'

'म्हणून तर देऊ नकोस. बाहेर कळेल.'

'मला असलं तरी चालेल,' तो दारातून म्हणाला. त्याचं कान तिखट होतं. 'नाहीतर असं करा, मीच मामूंकडून आणतो, तुम्हाला पण लागेल ना?'

माईआत्या बाहेर आली. तिने त्याच्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, आणि मग दाराकडे पाहिलं, तो तिथे उभाच होता तरी.

पेठेतली_मावशी

दाराकडे पाहिलं! माझं आहे ते.

निळीशाई

'मला असलं तरी चालेल' वर मी गेले. लवकर टाक.

तळटीप

'त्याचे कान तिखट होते' असं करा. बाकी तक्रार नाही.

नवसागर

परवानगी आहे, पण मामूंना नाव द्या, सगळ्यांचा मामू एकच असतो असं वाटायला नको. आणि पुढे कधीतरी तो कप खिडकीतून खाली आला पाहिजे. कोणी उचलून आत नेला हे मात्र तुम्ही ठरवा. मला वाटतं आईने न्यावा, रेवतीने नको. रेवती नेणार हे सगळ्यांना माहीतच आहे.

काळामसाला

आईने न्यावा याला +१. गौरींच्या रात्री न्यावा. आणि सोळा भाज्यांत शेपू घालणार असाल तर मी धागा सोडतोय.